वेताळाचा शेवटचा प्रश्न

पुराणकथा नव्यानं सांगणाऱ्या पुस्तकांवर मराठी वाचकानं मनापासून प्रेम केलं आहे. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ची, दुर्गा भागवतांचं 'व्यासपर्व' १९६२चं. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आणि शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' ही दोन्ही १९६७ची. महाभारताची पहिली खरी ओळख या पुस्तकांतूनच झाली असं सांगणारी माणसं घरोघरी भेटतात. त्यांची मुलं-नातवंडं आता या पुस्तकांच्या जोडीला जादूगारांच्या, ड्रॅगनांच्या आणि नव्यानं लिहिलेल्या परीकथांच्या कादंबऱ्या वाचतात. या वाचनातून मुलांना काय मिळतं, आणि त्यापायी काय हातचं जातं, याबद्दल मतं टोकाची आहेत. ती समोरासमोर यावीत म्हणून हा संवाद.

मावशी निवृत्त मराठी शिक्षिका. तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कुमार विभागासाठी ती पुस्तकांची यादी करते आहे. भाची पुण्यात संस्कृत घेऊन एम. ए. झाली आणि आता हस्तलिखितांवर काम करते. इथे कल्पितकथांची बाजू वयानं मोठी असलेली मावशी घेते, आणि मूळ संहितेची बाजू तरुण भाची.

भाची : मावशी, यादी वाचली. 'ययाति' आहे, 'मृत्युंजय' आहे. मोठ्या मुलांसाठी ग्रीक पुराणातल्या चेटकिणीवरची मॅडलिन मिलरची 'सर्सी' आहे, अर्सुला ले ग्विनच्या 'अर्थसी'चे भाग आहेत. महाभारत मात्र कुठेच नाही. निदान चिपळूणकर आणि मंडळींचं जुनं भाषांतर, नाहीतर एखादा चांगला संक्षेप तरी हवा होता.

मावशी : तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात अठरा पर्वं ठेवली तर तो वाचेल? मुलं कथेकडे येतात ती कथेतल्या माणसांच्या ओढीनं. 'मृत्युंजय' वाचताना कर्णासाठी ज्याचे डोळे भरून आले, तो पुढे कधीतरी महाभारत उघडेल.

भाची : उघडत नाही, हीच तर अडचण आहे. आपलं महाभारत वाचून झालं असंच त्याला वाटतं. कोणालाही विचार, दुर्योधन मयसभेत पाण्यात पडला तेव्हा काय झालं? उत्तर ठरलेलं. द्रौपदी हसली आणि 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' म्हणाली. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत हे वाक्यच नाही. त्या आवृत्तीचं काम १९१९ साली सुरू झालं. पुढे वि. स. सुकथनकरांनी त्याला शिस्त लावली, १२५९ हस्तलिखितं विचारात घेतली गेली आणि १९६६ साली ते पूर्ण झालं. आपल्याच पुण्यात जवळजवळ अर्धं शतक हे काम चाललं. तरीही आपण द्रौपदीच्या तोंडी तेच वाक्य घालत राहिलो.

मावशी : एक वाक्य इकडचं तिकडे झालं, एवढ्यानं कथेचं काय बिघडतं?

भाची : खूप बिघडतं. चिकित्सक आवृत्तीत दुर्योधन पडतो तेव्हा निवेदक सांगतो, की भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि चाकर हसले. द्रौपदी हसल्याचं तिथे नाही. ते कुठे येतं ठाऊक आहे? हस्तिनापुरात परतल्यावर दुर्योधन धृतराष्ट्रापुढे आपला अपमान सांगतो, त्या सांगण्यात. त्याच्या तोंडी कृष्णही हसलेला आहे आणि बायकांसह द्रौपदीही. म्हणजे ही हकिगत आपल्या सोयीनं पहिल्यांदा बदलून सांगणारा माणूस खुद्द दुर्योधन आहे. नंतरच्या सांगणाऱ्यांनी त्याचीच री ओढली, वर ते जहरी वाक्य जोडलं. परिणाम असा झाला, की एवढ्या मोठ्या युद्धाचा दोष एका बाईच्या जिभेवर ढकलायची सोय झाली. भर सभेत तिला ओढून आणलं, त्यालाही 'तिनं आधी डिवचलं होतं' असं कारण मिळालं. पुनर्कथन म्हणजे दुबळ्याला मिळालेला आवाज असं आज सगळे म्हणतात. इथे तर ज्याच्या हाती सत्ता होती, त्याचंच म्हणणं लोकांच्या ओठी बसलं.

मावशी : हे मला माहीत नव्हतं, आणि मुलांना ते कळलंच पाहिजे. पण तुझ्या म्हणण्यामागे एक गृहीत आहे. कुठेतरी एक शुद्ध मूळ आहे आणि बाकीचं सगळं त्याची झीज, असं तू धरून चालतेस. महाभारत आपल्यापर्यंत आलं कसं? व्यासांनी रचलं, ते जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनानं सांगितलं. तिथे ऐकलेलं उग्रश्रव्यानं नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना पुन्हा सांगितलं. आपल्या हाती आहे ते हे तिसऱ्या तोंडचं. आणि ही गोष्ट ग्रंथ लपवत नाही, पहिल्याच अध्यायांत सांगून टाकतो.

भाची : ती कथेची चौकट झाली. संहिता मात्र आपल्यासमोर आहे. पाठभेद तपासता येतात.

मावशी : ज्या कथेची संहिताच उरली नाही, तिथे काय करशील? गुणाढ्य आठव. सातवाहनांच्या दरबारातला पंडित, प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. पैशाची भाषेत त्यानं सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' स्वतःच्या रक्तानं लिहिली आणि राजाकडे पाठवली. राजानं ती भाषा आणि ते रक्त पाहून ग्रंथ झिडकारला. मग गुणाढ्य डोंगरावर बसून एकेक पान मोठ्यानं वाची आणि अग्नीत टाकी. ऐकायला जमलेली जनावरं चरायची विसरली, राजाच्या मुदपाकखान्यात येणारं मांस सुकत गेलं, तेव्हा कुठे चौकशी झाली. राजा धावत आला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. ही झाली दंतकथा. वस्तुस्थिती अशी, की 'बृहत्कथा' आज उपलब्ध नाही. काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात राणी सूर्यमतीसाठी 'कथासरित्सागर' रचला, क्षेमेंद्रानं 'बृहत्कथामंजरी' लिहिली, बुधस्वामीनं 'बृहत्कथाश्लोकसंग्रह'. गुणाढ्य आपल्याला भेटतो तो या पुनर्कथनांतूनच. ही माणसं मुळाला धक्का नको म्हणून गप्प बसली असती तर पैठणच्या त्या कथांमधली एकही आपल्यापर्यंत आली नसती. तुझ्या-माझ्या लहानपणचे विक्रम-वेताळसुद्धा सोमदेवाच्या त्याच ग्रंथात आहेत.

भाची : ते मान्य. पुनर्कथन कथेला जिवंत ठेवतं. पण जिवंत ठेवताना तिचा कणा मोडतं का, हा माझा प्रश्न आहे. कालिदासाचंच घे. शकुंतला म्हटलं की आपल्याला अंगठी आठवते, दुर्वासाचा शाप आठवतो. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत अंगठीही नाही आणि शापही नाही. तिथली शकुंतला लग्नाआधी अट घालते, की माझा मुलगा राज्याचा वारस झाला पाहिजे. पुढे मुलाला घेऊन दरबारात येते. दुष्यंताला सगळं आठवत असतं आणि तरी तो 'मी तुला ओळखत नाही' म्हणतो. ती भर सभेत त्याच्याशी वाद घालते. सत्य म्हणजे काय, पत्नी म्हणजे काय, पुत्र म्हणजे काय, हे राजाला सुनावते. शेवटी आकाशवाणी होते तेव्हा तो सांगतो, मला ठाऊक होतं, पण लोकांनी संशय घेतला असता. कालिदासानं शाप आणला आणि राजा सुटला. विसरला तो शापामुळे, आठवलं ते अंगठीमुळे. नाटक फार सुंदर आहे, मला ते प्रिय आहे. पण राजाला जाब विचारणारी ती बाई आपल्या स्मरणातून गेली, ती या सुंदर नाटकामुळेच.

मावशी : कालिदासानं त्याला पश्चात्ताप दिला. सहाव्या अंकातला दुष्यंत आतून मोडलेला आहे. महाभारतातला दुष्यंत एका वाक्यात मोकळा होतो.

भाची : शापानं झालेल्या गोष्टीचा पश्चात्ताप सोपा असतो. जाणूनबुजून केलेल्या गोष्टीचा अवघड.

मावशी : हे तू फार नेमकं बोललीस. मग आपण दोघी एका ठिकाणी येऊ शकतो. पुनर्कथन चांगलं की वाईट, हे मुळापासून ते किती दूर गेलं यावर ठरत नाही. त्यानं नायकाला सोडवलं, की त्याच्यापुढचा प्रश्न आणखी अवघड केला, यावर ठरतं. आता माझ्या यादीकडे पुन्हा बघ. 'ययाति'बरोबर मी गिरीश कार्नाडांचं 'ययाति'ही धरलं आहे. खांडेकरांची कादंबरी १९५९ची, कार्नाडांचं कन्नड नाटक १९६१चं. दोन वर्षांच्या अंतरानं दोन लेखकांना एकच कथा बोलावते.

भाची : कार्नाडांचं मी वाचलेलं नाही.

मावशी : मूळ कथा तुला पाठच आहे. शुक्राचार्यांच्या शापानं ययातीला अकाली म्हातारपण येतं. तो मुलांकडे तारुण्य मागतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू नकार देतात, धाकटा पूरू देतो. हजार वर्षं भोग घेतल्यावर ययातीला उमगतं, की उपभोगानं वासना शमत नाही. हजारो वर्षं सगळ्यांनी पूरूचं कौतुक केलं, कारण तो आज्ञाधारक मुलगा. कार्नाडांनी त्याला बायको दिली, चित्रलेखा. महाभारताच्या त्या कथेत ती नाही. नवं लग्न झालेली ही मुलगी, आणि नवरा एका रात्रीत जख्ख म्हातारा होऊन समोर उभा. तुझ्या त्यागात माझं आयुष्यही दिलंस, ते मला विचारलंस का, हा तिचा प्रश्न. पूरूकडे त्याचं उत्तर नाही आणि ययातीकडे तर नाहीच. तिचा शेवट आत्महत्येत होतो. आता सांग, हे पात्र व्यासांचं नाही म्हणून मी ते नाटक बाहेर ठेवू?

भाची : नको. कारण तिनं विचारलेला प्रश्न मूळ कथेच्या पोटातच होता. पूरूला वंश आहे, म्हणजे बायको असणारच. तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं.

मावशी : आणि पाहायला लागलं की अशा जागा सगळीकडे दिसतात. आपल्या बायकांनी लिहायला-वाचायला येण्याआधीपासून त्या पाहिल्या आहेत. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत सीतेच्या वनवासाच्या कितीतरी आहेत. रानात एकटी बाळंतीण झालेल्या सीतेपाशी कोण होतं, तिला कोणी काय दिलं, याची काळजी दळणाऱ्या बायकांनी वाहिली. यवतमाळ जिल्ह्यात रावेरीला सीतेचं मंदिर आहे आणि तिथे सीता एकटीच आहे, शेजारी राम नाही. लोक सांगतात, लहान लव-कुशांसाठी सीतेनं गावात गहू मागितला, गावानं दिला नाही, म्हणून तिनं शाप दिला. शेतकरी नेते शरद जोशी यांनी पुढाकार घेऊन त्या मंदिराचा जीर्णोद्धार करवला. कारण टाकलेल्या बाईचं आणि तिच्या भाकरीचं दुःख त्या कथेत त्यांना दिसलं. वाल्मीकींत रावेरी नाही. म्हणून ती कथा खोटी ठरते का?

भाची : खोटी नाही. पण तिच्याकडे वाल्मीकींची कथा म्हणून कोणी बोट दाखवत नाही, हेही खरं. ती रावेरीची आहे आणि रावेरीचीच राहते. माझा राग आहे तो कोण बोलतंय ते झाकणाऱ्या पुनर्कथनांवर. युरोपातल्या परीकथांतही हेच झालंय. ग्रिम बंधूंचा पहिला खंड १८१२चा, शेवटची आवृत्ती १८५७ची. या पंचेचाळीस वर्षांत त्यांनी कथा घासूनपुसून घेतल्या. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली तिची सख्खी आई होती. हॅन्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडायला लावणारीही आईच. नंतरच्या आवृत्त्यांत दोघी सावत्र झाल्या. भुकेनं पोटच्या पोरांना टाकणारी आई वाचकांना सोसली नसती, म्हणून दोष सावत्र आईवर गेला. जगभरच्या मुलांनी मग सावत्र आईची भीती खरी मानली, कारण पुस्तकावर 'लोककथा' असं छापलं होतं.

मावशी : बरोबर. आणि हे आपल्याला कशावरून कळलं? पहिली आवृत्ती शिल्लक आहे म्हणून. इथे तुझी बाजू माझ्यापेक्षा भक्कम आहे, मी मान्य करते. मूळ हाताशी असलं तरच बदल कळतो. पण पुढची गोष्टही ऐक. अँजेला कार्टर नावाच्या इंग्रज लेखिकेनं १९७९ साली 'द ब्लडी चेंबर' हा कथासंग्रह लिहिला. तो मोठ्यांसाठी आहे, कुमार विभागात ठेवणार नाही. त्यातल्या पहिल्या कथेत निळ्या दाढीवाल्याची जुनी फ्रेंच कथा आहे, बायकांना मारून बंद खोलीत ठेवणाऱ्या नवऱ्याची. शार्ल पेरोनं ती १६९७ साली छापली तेव्हा शेवटच्या बायकोला तिचे भाऊ येऊन सोडवतात. कार्टरच्या कथेत तिची आई येते, घोडा फेकत, हातात पिस्तूल घेऊन. ग्रिमांनी कथेतून उचलून नेलेली आई अशी दीडशे वर्षांनी परत आली. संपादनात गेलेलं माणूस संपादनातूनच परत येईल असं नाही. कधी ते कल्पनेतूनच आणावं लागतं.

भाची : आणि प्रत्येक वेळी परत आणलेलं माणूस निर्दोष असतं! गेल्या पंधरा-वीस वर्षांतली पुनर्कथनं एकाच साच्यातली वाटायला लागली आहेत. कथेत दुर्लक्षित झालेलं पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडून 'मी' म्हणून सगळी कथा वदवायची. ते पात्र आजच्या विचारांचं, शहाणं, आणि भोवतालचे सगळे निर्दयी किंवा मूर्ख. वाचणारा पुस्तक मिटताना स्वतःवर खूश होतो, की मी त्या काळी असतो तर न्यायानं वागलो असतो. कर्णाचंही तेच. त्याच्यावर अन्याय झाला, शंकाच नाही. पण द्यूतसभेत द्रौपदीला नको ते नाव ठेवणारा आणि तिची वस्त्रं काढून घ्या म्हणणारा तोच कर्ण आहे. त्याच्यावर प्रेम करायचं असेल तर हा कर्णही पदरात घ्यावा लागतो.

मावशी : 'मृत्युंजय' एकट्या कर्णाच्या तोंडची नाही. कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली, शोण आणि शेवटी श्रीकृष्ण. इतक्या जणांना बोलावं लागतं याचाच अर्थ एकाच्या सांगण्यात कर्ण मावत नाही, हे सावंतांनी ओळखलं होतं.

भाची : तरी सगळ्यांच्या सांगण्याचा कल एकाच दिशेला आहे. 'युगान्त'चं तसं नाही. इरावतीबाई भीष्मालाही सोडत नाहीत, गांधारीलाही नाही. त्यांचं द्रौपदीवर प्रेम आहे, पण तिच्या चुकाही त्या मांडतात. खांडववनाचं घे. आदिपर्वाच्या शेवटी कृष्ण आणि अर्जुन अख्खं रान जाळायला अग्नीला मदत करतात आणि पळणाऱ्या प्राण्यांना मागे लोटतात. वाचतात ते मय, तक्षकाचा मुलगा अश्वसेन आणि शार्ङ्गकाची चार पिल्लं. पराक्रम म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या प्रसंगाकडे इरावतीबाई संहार म्हणून बघतात. तिथे पात्राच्या तोंडून बोलायची त्यांना गरज पडली नाही. मूळ वाचलं आणि जे दिसलं ते निर्भयपणे सांगितलं.

मावशी : 'युगान्त' यादीत घालते. तू म्हणतेस ते पटलं. फक्त एक लक्षात घे. इरावतीबाईंचं वाचन कळायला वाचकाला महाभारत आधीच आवडलेलं असावं लागतं. ते आवडायला लावण्याचं काम 'मृत्युंजय'नं केलं. पोरका कर्ण मनात घर करून बसला, म्हणूनच द्यूतसभेतला कर्ण वाचकाला दुखवतो. आधी माया लागली नसती तर त्याच्या अपराधाचं काहीच वाटलं नसतं.

भाची : बरं, पुराणकथांना निदान मूळ तरी आहे. 'अर्थसी'चं काय? जगाच्या नकाशावर नसलेली बेटं, मंत्र, ड्रॅगन. आपल्या तालुक्यातल्या मुलानं हे का वाचावं? आजूबाजूला दुष्काळ आहे, परीक्षा आहेत, शिकून पुढे काय करायचं ही चिंता आहे. त्यापासून पळून जायची ही वाट नाही का?

मावशी : परीकथांवर हाच आरोप होत असे. १९३९ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्यांवर व्याख्यान देताना 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टॉल्कीन यानं तो खोडून काढला. कैद्यानं घराची आठवण काढणं आणि सैनिकानं रणातून पळ काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्याचं म्हणणं. आणि रण म्हणजे काय ते त्याला पुरतं ठाऊक होतं. १९१६ साली सोमच्या लढाईत तो खंदकांत होता. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा शेवट नीट वाचलास तर तिथे विजयाचा जल्लोष कमी आणि थकवा जास्त आहे. अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो अखेरच्या क्षणी ती टाकू शकत नाही, तिच्यावर हक्क सांगतो. ती नष्ट होते ती तिच्याच मागे लागलेल्या गॉलममुळे. आणि गॉलम तोवर जिवंत असतो, कारण आधी अनेकांनी त्याच्यावर दया केलेली असते. नायक अपयशी ठरतो आणि जुनी दया जग वाचवते. याला पळवाट कशी म्हणू?

भाची : आणि त्याच पुस्तकातले ऑर्क? एक अख्खी जमात जन्मानंच दुष्ट. त्यांना कितीही मारलं तरी पाप नाही. समोरचा माणूसच नाही असं मुलांच्या मनावर बिंबवायला याहून सोपा मार्ग कोणता? खांडववन जाळणाऱ्यांच्या मनातही हेच असणार.

मावशी : हा आक्षेप खरा आहे. टॉल्कीनलाही तो छळत होता. उत्तरायुष्यातल्या टिपणांत तो ऑर्कांच्या जन्माचा आणि आत्म्याचा प्रश्न पुन्हा पुन्हा घेतो आणि त्याचं समाधान होत नाही. त्याची नक्कल करणाऱ्या शेकडो जणांना तो प्रश्न पडलाही नाही. म्हणून तर मी ले ग्विन निवडली. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८चं. त्यातला गेड ताम्रवर्णाचा, सावळा मुलगा आहे. २००४ साली त्यावर दूरचित्रवाणी मालिका निघाली, तिथे त्याला गोरा केला, तेव्हा ले ग्विननं जाहीरपणे निषेध केला. हा गेड जादूच्या शाळेत ईर्ष्येपोटी, आपली शक्ती दाखवायला, मृतांच्या जगातून एक छाया मोकळी करतो. ती त्याच्या मागे लागते. शेवटी पळणं थांबवून तो तिच्या समोर जातो आणि तिला नाव देतो. ते नाव त्याचं स्वतःचंच असतं. शेवटी तिथे मारायला शत्रूच उरत नाही. आपण केलेलं आपलं म्हणून पत्करणं, एवढीच लढाई आहे. तुझा दुष्यंत जे करत नाही, ते हा गेड करतो.

भाची : हे तू आधी सांगायला हवं होतंस.

मावशी : अजून एक सांगायचं राहिलंय. त्या पहिल्या पुस्तकात जादूची शाळा फक्त मुलग्यांची आहे आणि बायकांची जादू हलकी मानली जाते. पुढचे दोन भाग १९७२पर्यंत आले. मग अठरा वर्षांनी, १९९०मध्ये, ले ग्विन त्याच जगात परतली आणि तिनं 'तेहानू' लिहिलं. त्यात गेडची जादू संपली आहे. कथा एका मध्यमवयीन विधवेची आणि जवळच्याच माणसांनी आगीत ढकललेल्या एका लहान मुलीची आहे. आपणच रचलेल्या जगात आपण काय पाहिलं नव्हतं, हे लेखिकेनं स्वतः शोधलं. तरीही पहिली पुस्तकं तिनं बदलली नाहीत. ती आहेत तशी ठेवली आणि शेजारी नवं ठेवलं.

भाची : ग्रिम बंधूंनी जे केलं नाही, ते तिनं केलं.

मावशी : आणि सोमदेवानंही एक गोष्ट नीट केली आहे. त्यानं सांगितलेल्या वेताळाच्या कथा आठव. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी विचारतो, यात दोष कोणाचा? किंवा, यांत थोर कोण? राजाला उत्तर ठाऊक असून तो गप्प राहिला तर डोकं फुटेल. बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. राजा प्रत्येक वेळी उत्तर देतो, कारण प्रत्येक वेळी त्याला न्याय दिसतो. पण शेवटचा प्रश्न वेगळा आहे. एक बाप आणि त्याचा मुलगा रानात दोन स्त्रियांची पावलं बघून ठरवतात, मोठ्या पावलांची ती बापाची, लहान पावलांची ती मुलाची. त्या दोघी आई आणि मुलगी निघतात, आणि मोठी पावलं असतात मुलीची. मग बापाची बायको मुलगी होते आणि मुलाची बायको तिची आई. त्यांना झालेल्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला उत्तर सापडत नाही. तो गप्पच चालत राहतो. तेव्हा वेताळ प्रसन्न होतो आणि राजाला वेताळ आणायला पाठवणाऱ्या जोग्याचं कारस्थान त्याला सांगून टाकतो. म्हणजे राजाचा जीव वाचला तो उत्तर न सुचलेल्या कथेमुळे. मी पुस्तकं निवडते ती याच कसोटीवर. ज्या पुस्तकानं मुलाला दोष कोणाचा हे झटकन सांगून टाकलं, ते मला नको. ज्यानं त्याला चालता चालता गप्प केलं, ते हवं. मग ते व्यासांचं असो, कार्नाडांचं असो की ले ग्विनचं.

भाची : कसोटी मला मान्य आहे. पण ती लावायला एक पुस्तक पुरत नाही. नुसती 'ययाति' वाचणाऱ्याला खांडेकरांनी काय घातलं आणि काय गाळलं ते कळणार नाही. तेव्हा माझी अट अशी. पुस्तकं सुटी ठेवू नकोस, कथेप्रमाणे एकत्र ठेव. आदिपर्वातली ययातीची कथा, शेजारी खांडेकर, शेजारी कार्नाड. शकुंतलेची महाभारतातली कथा आणि शेजारी कालिदासाचं नाटक. मूळ वाचल्याशिवाय पुनर्कथन देऊ नये असं मी म्हणणार नाही. पण ते हाताच्या अंतरावर असलंच पाहिजे.

मावशी : मान्य. फक्त मुलानं सुरुवात कुठून करायची ते त्याला ठरवू दे. कोणी चित्रलेखेपासून सुरू करेल आणि मागे जाईल. कोणी मागे जाणारही नाही. तरी तो प्रश्न त्याच्यापाशी राहील आणि मला तेवढं पुरेसं आहे.

भाची : मला ते पुरेसं वाटत नाही. मागे न जाणाऱ्याला दुर्योधनाचं सांगणंच खरं वाटत राहतं.

मावशी : मग त्याला मागे जावंसं वाटेल असं काहीतरी तुलाच करावं लागेल. आदिपर्वातली ययाती आणि शकुंतला बारा-तेरा वर्षांच्या मुलांना वाचता येतील अशा मराठीत, चिकित्सक आवृत्तीला धरून, मला कुठे मिळतील? मी शोधलं, मनासारखं सापडलं नाही. तू लिही.

भाची : म्हणजे मीही पुनर्कथनच करायचं.

मावशी : हो. कुठे थांबायचं, काय गाळायचं, शकुंतलेचं भाषण किती द्यायचं, हे सगळं तुलाच ठरवावं लागेल.

भाची : लिहीन. शकुंतलेचं भाषण पूर्ण देईन, त्यातलं एक वाक्यही गाळणार नाही. दुष्यंताची कबुलीही जशीच्या तशी ठेवेन. आणि प्रस्तावनेत सांगेन, की ही कथा कोणत्या संहितेवरून घेतली, मी कुठे संक्षेप केला आणि का. लोकांच्या भीतीनं खरं नाकारणाऱ्या राजाला माफ करायचं की नाही, ते मात्र वाचणाऱ्या मुलांवर सोडेन.